घटनादुरुस्तीला लोकांची मंजुरी: किती टक्के, आणि कशाचे टक्के?

सिन्नरफाटा

मंडळी, नाशिकमध्ये आमचा अभ्यास गट आहे. निम्मे जण विधी शाखेचे, बाकीचे राज्यसेवेची तयारी करणारे. पुढच्या महिन्यात अभिरूप घटना समिती भरवतोय. विषय असा: घटनेच्या मूलभूत तरतुदी बदलायच्या असतील तर संसदेच्या मंजुरीनंतर सार्वमत घ्यावं, आणि त्यासाठी नवं कलम लिहावं. सार्वमत घ्यावं यावर एकमत झालंय. अडलंय ते मंजुरीच्या अटीवर.

मसुद्यात तीन पर्याय आहेत. एक, झालेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त 'होय' आली की मंजूर. दोन, दोन-तृतीयांश 'होय' हवीत. तीन, साधं बहुमत पुरे, पण किमान ५० टक्के मतदान झालं तरच निकाल ग्राह्य. गटातल्या बहुतेकांना तिसरा पर्याय आवडलाय, कारण 'चार लोकांनी येऊन घटना बदलू नये' हे पटतं.

जगात कोण काय वापरतं, तिसऱ्या पर्यायात नेमकी अडचण कुठे येते, कोऱ्या आणि बाद मतांचं काय करायचं, आणि कलमाची शब्दरचना कशी असावी, एवढं सांगा. आपल्या जिल्ह्याच्या अंगाने उदाहरण देता आलं तर समितीपुढे मांडायला सोपं जाईल.

अंशछेद

आधी टक्का बाजूला ठेवा आणि छेद ठरवा. सार्वमताच्या वादात नव्वद टक्के घोटाळा छेदाचा असतो.

मतदार यादीत १,००० नावं आहेत असं धरा. ६०० जण मतदानाला आले. त्यातली २० मतं कोरी किंवा बाद. उरली ५८० वैध मतं. ३१० 'होय', २७० 'नाही'. आता 'होय' किती टक्के? वैध मतांच्या ५३.४. आलेल्या मतदारांच्या ५१.७. यादीच्या ३१. मतदान एकच, आकडे तीन. तुमच्या कलमात नुसतं 'मतदारांच्या बहुमताने' लिहिलं असेल तर यातला कुठला आकडा घ्यायचा हे न्यायालय ठरवेल, तुम्ही नाही.

आता तुमचा तिसरा पर्याय. यादी तीच, १,००० ची. प्रस्तावाच्या बाजूने ४३० जण ठाम आहेत. विरोधातले ६० जण मतदानाला आले, म्हणजे एकूण ४९०. पन्नास टक्के भरले नाहीत, प्रस्ताव पडला. तेच विरोधातले ८० जण आले असते तर एकूण ५१०, अट पूर्ण, ४३० विरुद्ध ८० ने प्रस्ताव मंजूर. म्हणजे विरोधाची वीस मतं वाढली आणि त्या वीस मतांनीच प्रस्ताव तारला. ज्या नियमात 'नाही' म्हणायला गेलेला माणूस 'होय'ला मदत करतो, तो नियम मुळातच सदोष आहे. विरोधकाला घरी बसणं फायद्याचं ठरतं, आणि विरोधी पक्ष प्रचार न करता 'कुणी जाऊ नका' एवढंच सांगत फिरतात.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. रुमानियात ऑक्टोबर २०१८ मध्ये विवाहाच्या व्याख्येवर घटनादुरुस्तीचं सार्वमत झालं. दोन दिवस मतदान, अट फक्त ३० टक्क्यांची. आलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त 'होय'. पण आले २१ टक्केच, कारण विरोधकांनी बहिष्कार घातला होता. प्रस्ताव गेला. इटलीत १८ एप्रिल १९९९ ला निवडणूक कायद्यातली तरतूद रद्द करण्यासाठी मतदान झालं. ९१ टक्क्यांहून अधिक 'होय', मतदान ४९.६ टक्के. अर्ध्या टक्क्याहून कमी फरकाने सगळं वाया. (इटलीत ही अट कायदा रद्द करण्याच्या सार्वमताला आहे, घटनादुरुस्तीच्या सार्वमताला नाही. हा फरक समितीत कुणीतरी नक्की काढेल.)

याहून गंभीर गोष्ट गुप्ततेची. जर्मनीत २० जून १९२६ ला माजी राजघराण्यांची मालमत्ता विनामोबदला काढून घेण्यावर मतदान झालं. प्रस्ताव घटना बदलणारा ठरवला गेल्यामुळे यादीतल्या निम्म्या मतदारांचं 'होय' हवं होतं, म्हणजे सुमारे दोन कोटी. मिळाली जवळपास १ कोटी ४५ लाख. विरोधकांनी घरी बसायला सांगितलं होतं, त्यामुळे जो केंद्रावर जाताना दिसला तो 'होय'वाला, हे गावात सगळ्यांना कळत होतं. जमीनदाराच्या गावातल्या शेतमजुराने केंद्राची पायरी चढणं म्हणजे मत उघड करणं. मतपत्रिका गुप्त राहून उपयोग काय? पेठ किंवा सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर हाच नियम लावला तर काय होईल, याचा विचार करा.

'चार लोकांनी येऊन घटना बदलू नये' ही तुमची काळजी खरी आहे. त्यावरचा उपाय म्हणजे अट मतदानाला न लावता 'होय' मतांना लावणं. डेन्मार्कच्या घटनेचं कलम ८८ असं आहे: झालेल्या मतांत बहुमत हवं, शिवाय 'होय' मतं एकूण मतदारांच्या किमान ४० टक्के हवीत. इथे 'नाही'वाला केंद्रावर गेला तर त्याचं नुकसान होत नाही. मे १९३९ मध्ये तिथे ही अट ४५ टक्क्यांची होती. नव्या घटनेला ९१.९ टक्के मतं मिळाली, पण ती यादीच्या ४४.५ टक्के भरली आणि घटना पडली. १९५३ ला पुन्हा मतदान झालं, या वेळी ४५.८ टक्के, जेमतेम पार. त्या घटनेतच अट ४० वर आणली गेली.

माझं मत: तिसरा पर्याय काढा, ४० टक्क्यांची डॅनिश अट घाला.

तालुकापंधरा

अंशछेद यांचं बहिष्काराचं विवेचन अगदी बरोबर आहे, पण ४० चा आकडा भारतात जसाच्या तसा उचलू नका. त्यात छुपं विशेष बहुमत आहे.

हिशोब सोपा. यादीवरची अट भागिले मतदानाचं प्रमाण, म्हणजे प्रत्यक्षात लागणारी मतं. डेन्मार्कात संसदेच्या निवडणुकीला ८० टक्क्यांच्या वर मतदान होतं. ४० भागिले ८० म्हणजे ५०. तिथे ही अट साध्या बहुमताच्या आसपासच राहते. आपल्याकडे लोकसभेला २०१९ मध्ये ६७.४ टक्के आणि २०२४ मध्ये ६५.८ टक्के मतदान झालं. ४० भागिले ६५.८ म्हणजे जवळपास ६१ टक्के. मतदान ५० टक्क्यांवर आलं तर ८० टक्के 'होय' लागतील. समितीला ६१ टक्के हवे असतील तर तसं उघड लिहा, यादीच्या टक्क्यात लपवू नका.

स्कॉटलंडमध्ये १ मार्च १९७९ ला हेच झालं. स्वतंत्र विधिमंडळाच्या कायद्यात ४० टक्क्यांची अट संसदेतल्या चर्चेच्या वेळी घुसवली गेली. मतदान केलेल्यांपैकी ५१.६ टक्क्यांनी 'होय' म्हटलं, पण मतदान ६४ टक्क्यांच्या आत, त्यामुळे यादीच्या मानाने 'होय' भरलं ३२.९ टक्के. बहुमत मिळूनही हरल्याची सल पुढे वर्षानुवर्षं राहिली. १९९७ च्या सार्वमतात ती अट ठेवलीच नाही.

मधला मार्ग आपल्या शेजारी आहे. श्रीलंकेच्या घटनेतलं अनुच्छेद ८५: वैध मतांत निर्विवाद बहुमत हवं, पण वैध मतं यादीच्या दोन-तृतीयांशाहून जास्त नसतील, तर 'होय' मतं यादीच्या किमान एक-तृतीयांश हवीत. मला हा नियम फार नीटस वाटतो. दोन-तृतीयांश मतदान झालं की त्याचं निम्मं म्हणजे बरोबर एक-तृतीयांश. म्हणजे अट मध्येच उडी घेत नाही. मतदान कमी होत जाईल तशी कडक होत जाते. ५० टक्के मतदानाला ६६.७ टक्के 'होय' लागतात, ६० टक्के मतदानाला ५५.६. एका मताने मतदान वाढलं म्हणून निकाल उलटतोय, असा प्रकार होत नाही. उरुग्वेत साध्या बहुमतासोबत यादीच्या ३५ टक्क्यांची अट आहे, तीही याच पट्ट्यात बसते.

आता दुसरा मुद्दा, जो तुमच्या तिन्ही पर्यायांत नाही: भूभाग. संघराज्यात नुसती डोकी मोजून चालत नाही. ऑस्ट्रेलियाच्या घटनेचं कलम १२८ दुहेरी बहुमत मागतं. देशभरातल्या मतांत बहुमत आणि सहापैकी किमान चार राज्यांत बहुमत. तीन-तीन झालं तर प्रस्ताव पडतो. १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांच्या निवडणुका एकत्र घेण्याच्या प्रस्तावाला ६२ टक्के मतं मिळाली, पण राज्यं तीनच, म्हणून तो पडला. आजवर ४५ प्रस्तावांपैकी ८ मंजूर झालेत. तिथे मतदान सक्तीचं असल्यामुळे बहिष्काराचा प्रश्नच येत नाही, हेही लक्षात घ्या.

स्वित्झर्लंडमध्ये २० पूर्ण प्रांत आणि ६ अर्धे, मिळून २३ प्रांत-मतं. मंजुरीला १२ हवीत; ११.५ झाली तर नापास. मार्च २०१३ मध्ये कुटुंब धोरणाच्या दुरुस्तीला ५४.३ टक्के लोकांनी 'होय' म्हटलं, प्रांत मात्र १० विरुद्ध १३. गेली. याची किंमतही सांगतो: झुरिचची लोकसंख्या पंधरा लाखांच्या वर आणि मत १, आपेन्झेल इनररोडनची सुमारे सोळा हजार आणि मत अर्धं. माणशी वजन चाळीसपटीहून जास्त.

समितीपुढे फळ्यावर मांडायला आपला जिल्हा उत्तम आहे. तालुके पंधरा. अट अशी धरा: जिल्ह्यात बहुमत आणि किमान आठ तालुक्यांत बहुमत. २०११ च्या जनगणनेत जिल्हा ६१ लाखांचा, त्यात एकटा नाशिक तालुका १७ लाखांच्या वर, तर पेठ सव्वा लाखाच्या आत. नाशिक, मालेगाव आणि निफाड तालुक्यांनी भरभरून 'होय' दिलं तर जिल्ह्याचं बहुमत तिथेच होऊ शकतं. तरी पाच तालुके अजून लागतील. गंगापूर धरणाच्या पाण्याचा प्रश्न असेल तर शहराने एका दिवसात निर्णय उरकू नये, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीला विचारावं लागावं, हा या अटीचा हेतू. उलट बाजूने छोटे आठ तालुके एकत्र येऊन जिल्ह्याचा मोठा हिस्सा अडवूनही धरू शकतात. दोन्ही बाजू मांडा.

आपल्या अनुच्छेद ३६८ मध्ये काही विषयांसाठी निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागतेच. म्हणून भारतासाठी मी दुहेरी बहुमत घालायला सांगेन.

उभीआडवी

परदेशी उदाहरणं चांगली आहेत, पण यादीवर आधारलेली अट महाराष्ट्रात आधीच चालू आहे. दारू दुकान बंद करण्याचं मतदान. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी (किंवा एकूण मतदारांनी) अर्ज द्यायचा, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. आलेल्यांच्या निम्मी नव्हे.

एखाद्या गावात १,२०० महिला मतदार असतील तर ६०१ आडव्या बाटल्या हव्यात. ७०० जणी आल्या, ५९० नी आडवी दिली, ११० नी उभी. ८४ टक्के आडवी. तरी दुकान चालू. ज्या पाचशे जणी आल्या नाहीत त्यांची मतं उभ्या बाटलीच्या खात्यात बसली. ही अट किती जड आहे हे समितीला परक्या देशाच्या उदाहरणापेक्षा यातून लवकर कळेल.

आता 'न आलेल्या पाचशे' कोण, ते जवळून बघा. यादीवर छेद ठेवला की यादीतला प्रत्येक दोष 'नाही'चं मत होतो. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींची नावं माहेरच्या यादीत राहतात. मयतांची नावं नमुना ७ भरून कुणी हरकत घेईपर्यंत किंवा बीएलओ (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी) पडताळणीला येईपर्यंत राहतात. पत्ता बदलल्यावर नमुना ८ भरायचा असतो, तो बहुतेक जण भरत नाहीत. सातपूर-अंबडच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांची नावं गावाकडे, माणसं इथे. अशी आठ टक्के नावं निघाली तर १,२०० ची यादी प्रत्यक्षात १,१०४ ची होते, पण ६०१ ची अट तिथेच. म्हणजे प्रत्यक्ष हजर बायकांपैकी ५४.४ टक्के.

म्हणून छेद यादीचा घेणार असाल तर दोन गोष्टी कलमातच हव्यात. पहिली, यादीची तारीख. नवी नावं लागायला १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत. निवडणुकीत अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत बदल होत नाही. सार्वमतात उमेदवारच नाहीत, म्हणजे अर्जाची मुदतही नाही. यादी कधी गोठवायची हे तुम्ही लिहिलं नाही तर मतदानाच्या आदल्या आठवड्यात छेद बदलत राहील आणि दोन्ही बाजू न्यायालयात जातील. दुसरी, मतदानाआधी यादीची विशेष पडताळणी.

आणि मतदानाची वेळ. जानेवारी ते एप्रिल द्राक्ष काढणी असते, पेठ-सुरगाण्याची कुटुंबंच्या कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांवर मुक्कामाला असतात. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ कांद्याची काढणी. ऑक्टोबरमध्ये द्राक्षवेलींची गोडी छाटणी. या काळात मतदान ठेवलं तर सुरगाण्यातलं मतदान घटणार हे कुणालाही आधी सांगता येईल. साध्या बहुमतात याचा परिणाम कमी. यादीवरच्या अटीत मात्र तारीख ठरवणाऱ्याच्या हातात निकालाचा मोठा भाग जातो. त्यामुळे मतदान सार्वत्रिक निवडणुकीच्या दिवशीच घ्यावं.

एक ऐतिहासिक गोष्ट तुमच्या समितीला नक्की लागेल. १९७८ मध्ये जनता सरकारने आणलेल्या ४५ व्या घटनादुरुस्ती विधेयकात नेमकं हेच होतं: घटनेचं धर्मनिरपेक्ष किंवा लोकशाही स्वरूप, मूलभूत हक्क, खुल्या निवडणुका आणि न्यायव्यवस्थेचं स्वातंत्र्य यांना धक्का लावणाऱ्या दुरुस्तीला सार्वमत, आणि त्यात किमान ५१ टक्के मतदारांनी मतदान केलेलं असलं पाहिजे. लोकसभेने मान्य केलं, राज्यसभेने हा भाग काढला. उरलेलं विधेयक ४४ वी घटनादुरुस्ती म्हणून लागू झालं. म्हणजे तुमचा तिसरा पर्याय भारतात एकदा संसदेपर्यंत पोचला होता.

सिन्नरफाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. १९७८ चं विधेयक समितीत पहिल्याच दिवशी मांडतो. वरच्या वीस मतांच्या उदाहरणानंतर तिसरा पर्याय टिकणार नाही.

दोन शंका. दोन-तृतीयांश किंवा ६० टक्के असं उघड विशेष बहुमत ठेवलं तर यादीचा सगळा त्रास टळतो ना? आणि कोरी मतं, नोटा, बाद मतं कुठे धरायची? गोव्याच्या १९६७ च्या कौलाला यातला कुठला नियम होता हेही कुणी सांगा, मराठी श्रोत्यांना ते जवळचं वाटेल.

अंशछेद

४० बद्दल तालुकापंधरा यांचं म्हणणं मान्य. श्रीलंकेचा नियम माझ्या सूचनेपेक्षा चांगला आहे.

गोव्यापासून सुरू करतो. १६ जानेवारी १९६७. पर्याय दोन: दोन पानं म्हणजे केंद्रशासित राहणं, फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन होणं. यादीत ३,८८,४३२ नावं, मतदान ३,१७,६३३. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०, बाद ७,२७२. नियम साध्या बहुमताचा.

आता दोन पानांच्या मतांना एकेक नियम लावून बघा. वैध मतांच्या ५५.५ टक्के: साधं बहुमत पास, ५५ ची अट पास, ६० ची नापास, दोन-तृतीयांश तर लांबच. यादीच्या ४४.३ टक्के: डेन्मार्कची आजची ४० ची अट पास, तिचीच जुनी ४५ ची नापास, बाटलीच्या मतदानाची निम्म्याची अट नापास. मतदान जवळपास ८२ टक्के झालं होतं, चौतीस हजारांचा फरक होता, कुणाच्या मनात निकालाबद्दल शंका नव्हती, तरी निम्म्या नियमांत तो बसत नाही. समितीत हा एकच तक्ता लावा.

यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. विशेष बहुमताची अट कुणाला लावायची हे ठरवायला 'यथास्थिती' कोणती आणि 'बदल' कोणता हे आधी ठरावं लागतं. गोवा त्या वेळी केंद्रशासितच होता, म्हणजे बदल फुलाचा. ६० ची अट फुलाला लागली असती, दोन पानांना नाही. घटनादुरुस्तीत हे सोपं असतं, जुना मजकूर म्हणजे यथास्थिती. पण प्रश्नाची रचना 'कलम अमुक कायम ठेवावं का?' अशी उलटी केली तर अटीचं ओझं दुसऱ्या बाजूला सरकतं. म्हणून 'होय' म्हणजे बदल, हे कलमातच लिहा.

उघड विशेष बहुमत यादीच्या अटीपेक्षा स्वच्छ आहे, हे खरं. फ्लोरिडात २००६ पासून घटनादुरुस्तीला ६० टक्के लागतात. पण ती ६० ची अट आणणारी दुरुस्ती स्वतः ५७.८ टक्क्यांनी मंजूर झाली होती! नोव्हेंबर २०२४ मध्ये गर्भपाताच्या हक्काच्या दुरुस्तीला ५७ टक्के मिळाले आणि ती पडली. म्हणजे जवळपास तेवढ्याच मतांनी अट बसली, आणि पुढे तेवढी मतं पुरली नाहीत. ओहायोत ऑगस्ट २०२३ मध्ये अशीच अट आणायचा प्रयत्न मतदारांनी ५७ टक्क्यांनी हाणून पाडला.

मॉन्टेनेग्रोत २००६ ला स्वातंत्र्याच्या सार्वमतासाठी ५५ टक्क्यांवर तडजोड झाली. निकाल ५५.५. अटीच्या वर जेमतेम दोन हजार मतं. निकाल ५४.९ आला असता, तर बहुमत असूनही हरलेला देश कसा सावरला असता, याचा विचार आधी करा. उलट बाजूला आयर्लंड: घटनादुरुस्तीला झालेल्या मतांचं साधं बहुमत, बाकी काहीही अट नाही. नोव्हेंबर १९९५ चं घटस्फोटाचं सार्वमत ५०.३ विरुद्ध ४९.७, फरक ९,११४ मतं. निकाल न्यायालयात गेला, टिकला, पुढे समाजाने स्वीकारला.

माझा कल साध्या बहुमताकडे, पण दोनदा. नेवाडात मतदारांच्या पुढाकाराने आलेली घटनादुरुस्ती लागोपाठच्या दोन निवडणुकांत मंजूर व्हावी लागते. २०२२ ला पसंतीक्रमाच्या मतदानाची दुरुस्ती सुमारे ५३ टक्क्यांनी पास झाली, २०२४ ला जवळपास तेवढ्याच टक्क्यांनी नापास. पहिल्या लाटेत वाहून गेलेला निर्णय दुसऱ्या वेळी तपासला जातो, आणि एका मताला एकच वजन राहतं.

तालुकापंधरा

दोनदा मतदानाची कल्पना चांगली आहे, पण भारतात दोन सार्वत्रिक निवडणुका होईपर्यंत दहा वर्षंही जाऊ शकतात. मी तरी मंजुरीची एकच फेरी आणि त्यात दोन अटी ठेवीन.

शब्दरचनेबद्दल. अपूर्णांक अपूर्णांकातच लिहा. 'दोन-तृतीयांश' आणि '६६ टक्के' एक नाहीत. ५०० जण मतदान करत असतील तर दोन-तृतीयांश म्हणजे ३३४, आणि ६६ टक्के म्हणजे ३३०. तसंच 'निम्म्याहून जास्त' आणि '५१ टक्के'. हजारात फरक ९ मतांचा, एक कोटीत जवळपास एक लाखाचा. गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासात ५१ टक्के संमती एकूण सभासदांची की हजर सभासदांची, यावर सभा गाजतात. २०१९ चा शासन निर्णय एकूण सभासदांचं म्हणतो, तरी दरवेळी कुणीतरी हजरांचं गणित मांडतंच.

नोटा सार्वमतात ठेवूच नका. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आलेला नोटा उमेदवार नाकारण्यासाठी आहे. 'होय-नाही'च्या मतपत्रिकेवर 'नाही' आहेच. कोरी मतं छेदात धरायची नाहीत. अमेरिकेतल्या मिनेसोटात घटनादुरुस्तीला त्या निवडणुकीत मतदान केलेल्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त 'होय' लागतात, त्यामुळे दुरुस्तीचा रकाना रिकामा सोडला की ते 'नाही' धरलं जातं. उभीआडवी यांनी सुचवल्याप्रमाणे मतदान सार्वत्रिक निवडणुकीबरोबर घेतलं तर ही चूक फार महागात पडते, कारण लोक उमेदवाराला मत देतात आणि दुसरं बटण दाबायचं राहून जातं. म्हणून छेद 'त्या प्रश्नावरची वैध मतं' एवढाच.

एका मतपत्रिकेत एकच विषय. पाच बदल एका प्रश्नात बांधले तर मंजुरी कशाला मिळाली हे कळत नाही. स्वित्झर्लंडमध्ये विषय एकजिनसी नसेल तर लोकांनी सह्या गोळा करून आणलेला प्रस्तावही बाद ठरू शकतो.

माझा मसुदा असा:

'(१) अनुच्छेद ३६८ प्रमाणे संमत झालेलं, अनुसूचीतल्या तरतुदींत बदल करणारं विधेयक लगतच्या लोकसभा सार्वत्रिक निवडणुकीच्या दिवशी मतदारांपुढे ठेवलं जाईल. एका प्रश्नात एकच विषय असेल. "होय" म्हणजे बदलास मंजुरी.

(२) मतदार यादी म्हणजे त्या निवडणुकीची अधिसूचना निघाल्याच्या दिवशी अंमलात असलेली यादी.

(३) विधेयक मंजूर धरण्यासाठी (क) त्या प्रश्नावरच्या एकूण वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मतं "होय" हवीत. आणि (ख) राज्यांच्या एकूण संख्येच्या निम्म्याहून जास्त राज्यांत, त्या त्या राज्यातल्या वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मतं "होय" हवीत.

(४) वैध मतं यादीतल्या एकूण मतदारांच्या दोन-तृतीयांशाहून जास्त नसतील, तर (३) खेरीज "होय" मतं यादीतल्या एकूण मतदारांच्या एक-तृतीयांशाहून कमी नसावीत.

(५) समान मतं पडल्यास विधेयक नामंजूर.'

राज्यं २८ आहेत, म्हणजे (ख) साठी १५ लागतील. दिल्ली आणि पुदुच्चेरीची मतं (क) मध्ये मोजली जातील, (ख) मध्ये नाही. ऑस्ट्रेलियात १९७७ पासून केंद्रशासित प्रदेशांची मतं अशीच देशाच्या बेरजेत धरतात.

उभीआडवी

मसुदा नेटका आहे. (२) मध्ये अधिसूचनेऐवजी 'अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी अंमलात असलेली यादी' लिहा. मतदान त्याच दिवशी आहे, मग दोन वेगळ्या याद्या कशाला? केंद्राध्यक्षाच्या हातात एकच प्रत राहील.

(४) साठी विशेष पडताळणी सहा महिने आधी हवी, तेही कलमात घाला. आणि सहावं उपकलम जोडा, फ्लोरिडाचा धडा म्हणून: 'या अनुच्छेदातली मंजुरीची अट वाढवणारं विधेयक, वाढवलेल्या अटीइतकी मतं मिळाल्याशिवाय मंजूर धरलं जाणार नाही.'

सिन्नरफाटा

दोन्ही बदल घेतले. (६) घातलं. (ख) वर गटात मतभेद होतील, छोट्या राज्यांच्या वजनाचा मुद्दा निघणारच. त्यासाठी पंधरा तालुक्यांचा तक्ता तयार करतोय, २०११ च्या लोकसंख्येसह, पेठ आणि नाशिक शेजारी शेजारी. गोव्याचा तक्ता पहिल्या पानावर.